बागेत बसायला कारण कशाला लागतं?

बागेवर लिहिणार आहे असं सांगितलं तेव्हा आपल्यातल्याच काही मैत्रिणींच्या कपाळाला आठ्या पडल्या. मारहाण, पोटगी, रेशन, रोजगार असे प्रश्न पुढ्यात असताना हे बागेचं काय मधेच? बाग म्हणजे खाऊन-पिऊन सुखी लोकांची चैन. पोट भरलेल्यांनी संध्याकाळी फिरायला जावं, भेळ खावी आणि घरी यावं. चळवळीचा आणि बागेचा संबंध काय?

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. घरात, कामावर आणि रस्त्यात जिला क्षणभर बसायला जागा नाही, तिलाच बागेची सगळ्यात जास्त गरज आहे. आणि तिच्यासाठीच ती सगळ्यात कमी उघडी आहे.

लोणावळ्यात आणि मावळ तालुक्यातल्या गावांमध्ये मी बचत गटांचं आणि कौटुंबिक सल्ल्याचं काम करते. एम. एस. डब्ल्यू. करताना आम्हांला शिकवलं होतं की मुलाखत घेताना एकांत हवा. पुस्तकात हे वाक्य सोपं वाटतं. दोन खोल्यांच्या चाळीत सासू दाराशी बसलेली, मुलं पायात, नवरा रात्रपाळी करून आत झोपलेला. तिथे एकांत कुठला? संस्थेच्या ऑफिसात यायचं तर गल्लीतलं कोणी बघतं, आणि संध्याकाळपर्यंत घरी बातमी पोचते. म्हणून माझा अनुभव असा की मारहाणीची पहिली हकिगत ऑफिसातल्या खुर्चीवर क्वचितच ऐकायला मिळते. ती ऐकायला मिळते झाडाखालच्या बाकावर, पोरगं झोक्यावर असताना, बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन. 'पोराला खेळायला नेते' एवढं सांगून बाई घरातून निघालेली असते. कायदा, पोलीस, वकील, आधारगृह हे सगळं नंतर येतं. आधी तिला तोंड उघडायला जागा लागते. मारहाण आणि बाग हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना माझं पहिलं उत्तर हे आहे.

लोणावळ्यात अशी एक जागा आहे, रायवूड पार्क. नगरपरिषदेची बाग, गावाच्या वस्तीतच, बाजारापासून चालत जाता येईल अशी. उंच वाढलेली जुनी झाडं, त्यांच्या दाट सावलीत महादेवाचं जुनं देऊळ, मुलांसाठी झोके आणि घसरगुंड्या. पर्यटकांच्या यादीत तिचं नाव असतं, पण भुशी धरण आणि टायगर पॉइंटपुढे तिला कोण विचारतं? शनिवार-रविवार सोडला तर ती गावाची असते. बंगल्यांवर धुणीभांडी करणाऱ्या, चिक्कीच्या कामावर जाणाऱ्या, भाजी विकून परत निघालेल्या बायका तिथे टेकतात. देवळामुळे त्यांची सोय होते. देवाला गेले होते असं म्हणता येतं. या एका वाक्यात आपला सगळा प्रश्न आहे. पुरुष बाकावर बसला तर त्याला कोणी कारण विचारत नाही. बाईला मात्र देव, मूल, नाहीतर औषध यातलं काहीतरी बरोबर घेऊनच बाहेर पडावं लागतं. मुंबईतल्या सार्वजनिक जागांचा अभ्यास करून शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा हाच होता, की बाईला काही काम नसताना, नुसतं उगाच बाहेर असण्याचा हक्क मिळाला पाहिजे. लोणावळ्याच्या बायकांनी ते पुस्तक वाचलेलं नाही. पण त्याचा अर्थ त्यांना रोज जगावा लागतो.

आता या गावाच्या इतिहासाकडे बघू. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत हमखास असं छापलेलं असतं की १८७१ साली मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एलफिन्स्टन यांनी लोणावळा-खंडाळ्याचा 'शोध' लावला. लॉर्ड एलफिन्स्टन १८६० साली गव्हर्नरपदावरून गेले आणि त्याच वर्षी वारले. मग मेलेल्या साहेबानं अकरा वर्षांनी शोध कसा लावला? पुणे-खंडाळा रेल्वे १८५८ सालीच धावू लागली होती आणि बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. आणि त्याच्याही कितीतरी शतकं आधी इथे कार्ल्या-भाज्याची लेणी खोदली गेली होती. कार्ल्याच्या चैत्यात दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत व्यापारी आहेत, भिक्षू आहेत, तशाच भिक्षुणी आणि गृहिणीही आहेत. महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला हिचं नाव दोन हजार वर्षांच्या आसपास त्या दगडावर आहे. लोक जमावेत, बसावेत, ऐकावं म्हणून उभारलेल्या जागेत बाईनं स्वतःच्या नावानं दान दिलं होतं. पण शोध मात्र साहेबानं लावला!

बोरघाटाचं काम ऐन भरात होतं तेव्हा ४०,००० हून जास्त मजूर तिथे राबत होते. पटकी, ताप आणि अपघात यांनी हजारो मेले. त्या मजुरांत मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायकाही होत्या. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट स्वतःच्या अंगावर घेऊन काम पुरं करवलं. तिचं नाव निदान इतिहासाच्या पुस्तकांत सापडतं. पाट्या वाहणाऱ्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

घाट झाला, गाडी आली आणि थंड हवेसाठी मुंबईचे धनिक येऊ लागले. १८७७ साली इथे नगरपालिका स्थापन झाली. पुढे धरणं झाली. भुशीचं पाणी रेल्वेसाठी. वळवण आणि लोणावळ्याच्या तलावांचं पाणी टाटांच्या खोपोलीच्या वीजघरासाठी, आणि ती वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांसाठी. शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचं नाव आपण सगळ्याजणी जाणतो, पण त्या लढ्यात मावळातल्या बायकाही उतरल्या होत्या, तुरुंगात गेल्या होत्या, हे किती जणींना माहीत आहे? पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथे द्रुतगती महामार्गावर पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी मेले. त्या तिघांत एक बाई होती.

हे सगळं इथे सांगण्याचं कारण आहे. मावळचं पाणी गेलं बाहेर, डोंगर गेले बंगल्यांना, हवा विकली जाते हॉटेलांत. इथे जे जे उभं राहिलं ते बहुतेक दुसऱ्या कोणासाठी. नगरपरिषदेची बाग ही त्यातली एक दुर्मिळ गोष्ट आहे, जी गावानं आपल्या कराच्या पैशातून आपल्यासाठी राखली. म्हणून तिचं मोल तिच्या एकरांवरून ठरत नाही.

इथे काही शहाणे लोक विचारतात, मावळातल्या बायकांना बागेची काय गरज? चहूकडे डोंगर, झाडी, ओढे. उघडा निसर्ग असताना बांधलेली बाग कशाला? या लोकांनी एकदा आमच्याबरोबर चालत यावं. जुन्या महामार्गाच्या दोन्ही अंगांना तारेची कुंपणं आहेत. टेकडीवर जायची पायवाट फार्महाउसच्या फाटकाशी संपते. गुरं चारायच्या माळावर प्लॉट पडले. नदीवर धुणं धुताना चार जणी जमत, एकमेकींचं बोलणं होत असे. घरात नळ आला हे फार चांगलं झालं, त्यानं कंबर वाचली. पण पाणवठ्यावरचं ते बोलणं कुठे गेलं? त्याच्या बदल्यात काही मिळालं का? उलट रोज सकाळी बायका दुसऱ्याच्या बंगल्यावर जातात, तिथल्या हिरवळीवर पाणी मारतात, तिथला झोपाळा पुसतात. त्या हिरवळीवर बसायची त्यांना परवानगी नसते. हिरवळ राखणारीला हिरवळ नाही, असा हा निसर्ग आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. बायकांना बागेत यायला वेळच कुठे असतो? हे मात्र खरं आहे, आणि म्हणूनच गंभीर आहे. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. मुळात घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरात ८१, पुरुष २६. अशा बाईला मोकळा वेळ सापडतो तो दुपारी, भांडी झाल्यावर आणि शाळा सुटण्याआधी. आणि नेमक्या त्याच वेळी आपल्या शहरांतल्या बागांना कुलूप असतं! पुण्यातल्या कित्येक महापालिकेच्या बागा सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि पुन्हा संध्याकाळी उघडतात. सकाळची वेळ फिरायला येणाऱ्या निवृत्त पुरुषांची, संध्याकाळची वेळ नोकरीवरून परतणाऱ्यांची. त्या दोन्ही वेळी बाई चुलीपुढे असते. हे वेळापत्रक कोणी बायकांना बाहेर ठेवायचं म्हणून केलेलं नाही, हे मला मान्य आहे. पण ते करताना बाई कोणाच्या डोळ्यांपुढेच नव्हती, आणि पुरुषप्रधानता म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

तिसरा आक्षेप नीतीचा. बागेत जोडपी बसतात, वातावरण बिघडतं, आयाबहिणींना जाववत नाही. मग झुडपं छाटा, बाकांच्या मध्ये दांडे घाला, फाटक लवकर लावा, पोलिसांना बोलवा. मी बागेत बसणाऱ्या बायकांना विचारते, त्रास कोणाचा होतो? जोडप्यांचा होतो असं सांगणारी मला अजून भेटायची आहे. त्रास होतो तो पत्ते कुटत बसणाऱ्यांचा, पिऊन पडणाऱ्यांचा, मुलींवर शेरे मारणाऱ्या टोळक्यांचा. त्यांना हटवायला कोणी जात नाही. हटवतात ते दोघांना, आणि त्यातही चारचौघांत अपमान होतो तो मुलीचा. तिच्याच घरी फोन जातो. आंतरजातीय लग्न करायला निघालेल्या किती मुलींनी आपला निर्णय अशाच बाकावर बसून घेतला असेल! बाईला सुरक्षित ठेवायचं म्हणून बाग बंद करणं म्हणजे चोरी होते म्हणून घरमालकिणीलाच बाहेर काढणं.

चौथी गोष्ट संडासाची. इथे सगळ्यांचे चेहरे संकोचतात, पण बोलायला हवं. तालुक्यातल्या एका गावात बागेतल्या बायकांच्या संडासाला कायम कुलूप असे. आम्ही दहा-बाराजणी विचारायला गेलो. उत्तर मिळालं, "उघडा ठेवला की बायका घाण करतात." पुरुषांच्या मुतारीला दारच नव्हतं, मग कुलूप लागणार कुठे? आमच्यातली एक साठीची बाई तिथेच म्हणाली, "साहेब, घरातली घाण आम्हीच काढतो, बंगल्यातली घाण आम्हीच काढतो, आणि इथं येऊन घाण करतो व्हय?" किल्ली मिळाली, पण तीन आठवडे रोज जावं लागलं. ज्या बागेत बाईला लघवीला जाता येत नाही, ती बाग तिच्यापुरती तासाभरात संपते. पाळी चालू असेल तर सुरूच होत नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण निवेदन देताना नुसता संताप पुरत नाही. राज्यघटनेचं कलम १५ सांगतं की सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा वापरताना कोणालाही धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून अडवता येणार नाही. 'लिंग' हा शब्द तिथे आहे, हे लक्षात ठेवा. हा हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं १९२३ सालीच केला होता. तरी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि त्यात बायकाही होत्या. कागदावर सार्वजनिक असणं आणि खरोखर सगळ्यांचं असणं यातलं अंतर आपल्याला महाडनं शिकवलं. त्याच १९२७ साली मुंबईत नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं माहीम पार्कचं नाव शिवाजी पार्क झालं. मैदानाचं नाव ठरवणारी बाई होती. आज तिथल्या गर्दीत किती जणांना ते ठाऊक आहे?

महाराष्ट्राच्या १९६५ सालच्या नगरपरिषदा अधिनियमात कामांचे दोन भाग आहेत. सार्वजनिक संडास-मुताऱ्या बांधणं हे आवश्यक काम आहे, बागा करणं ऐच्छिक. म्हणून पैसा कमी पडला की पहिली कात्री बागेला लागते, आणि मग 'ठेकेदाराला चालवायला देऊ, तिकीट लावू' ही भाषा सुरू होते. दहा रुपये म्हणजे काय मोठे, असं विचारतात. दोन मुलांना घेऊन आठवड्यातून चार वेळा येणाऱ्या बाईचा हिशेब करा. महिन्याचे पाचशेच्या आसपास रुपये होतात, आणि ते तिला नवऱ्याकडे मागावे लागतात. तिकीट लागलं की बाग पुन्हा पर्यटकाची होते.

पण आपल्या बाजूनंही बरंच काही आहे. १९९२ साली झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बागा, उद्यानं आणि क्रीडांगणं हा विषय नगरपालिकांकडे सोपवण्याच्या कामांच्या यादीत घातला. बंगळूरमध्ये बागेसाठी राखलेली जागा खाजगी इस्पितळाला दिली होती. तिथल्या रहिवाशांनी विरोध केला आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की बागेची जागा अशी काढून घेता येणार नाही. नगररचनेच्या १९६६ सालच्या कायद्यात मात्र एक फट आहे. विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षण टाकलं आणि दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण गळून पडतं. मावळात जमिनीला सोन्याचा भाव आहे. हालचाल का होत नाही, हे वेगळं सांगायला नको.

ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९९० नंतरच्या दशकात तिथल्या पाहणीत दिसलं की नऊ वर्षांच्या पुढच्या मुली बागेत येईनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात. खेळाच्या मैदानाला एकच दार होतं, ते मुलांनी अडवलेलं असे. शहरानं दोन बागा नव्यानं आखल्या. मैदानाची रुंद दारं वाढवली, मोठ्या जागेचे लहान भाग पाडले, टोळक्यानं बसता येईल अशा जागा केल्या. मुली परत आल्या. म्हणजे मुलींना बाग नको होती असं नव्हतं, बागेला मुली नको होत्या. आपल्या गावांतही आठवी-नववीतली मुलगी बागेतून नाहीशी होते. तिला शहाणपण आलं असं आपण म्हणतो आणि गप्प बसतो.

मैत्रिणींनो, महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा आता बायकांच्या आहेत. आपण निवडून दिलेल्या बायकांना बागेबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात करू या. आपल्या गावाच्या विकास आराखड्याची प्रत मागा आणि बागेची आरक्षणं कुठे आहेत, त्यांवर आज काय उभं आहे ते स्वतः चालत जाऊन बघा. बाग दुपारी उघडी ठेवा, प्रवेश फुकट ठेवा, बायकांचा संडास आणि पिण्याचं पाणी चालू ठेवा, संध्याकाळी दिवे लावा, आणि ठेका देण्याआधी बाग वापरणाऱ्या बायकांची बैठक घ्या, या मागण्या लेखी द्या. झाडूवाल्या आणि माळीकाम करणाऱ्या बायकांना त्या बैठकीत घ्या. बाग कोण वापरतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत वाट बघत घरी बसू नका. गटाची पुढची बैठक समाजमंदिराऐवजी बागेत घ्या. मग एक दिवस बैठक नसतानाही जा. मूल न घेता, देवाचं निमित्त न सांगता, दोघी-तिघी नुसत्या बसा. कोणी विचारलं, "इथे काय करताय?" तर सांगा, बसलोय.